अडेल तिथं घासायचं

माझा मामा देवाला कधी सुखाने देव राहू देत नसे. सकाळी चहाच्या वेळी देव गच्चीवरची पाण्याची टाकी असे, दुपारी तो दाराची बिजागरी होई, आणि संध्याकाळी दुकानाचं शटर ओढता ओढता मामा मला सांगे, "हे बघ, देव म्हणजे कुलपातलं तेल. दिसत नाही, पण नसलं की सगळं कुरकुरतं." दिवसभर किल्ल्यांच्या मशीनपुढे उभी राहून माझे पाय भरून आलेले असत. देव तेल आहे की पाणी आहे, याच्याशी त्या वेळी मला काडीचं देणंघेणं नसे. मला घरी जायचं असे.

सगळा बाजार त्याला दाखलेमामा म्हणे, कारण त्याच्या तोंडातलं तिसरं वाक्य हमखास "तुला एक दाखला देतो" हे असे. गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून आलेलं असो की त्याचं पोर बाथरूममध्ये अडकलेलं असो, दाखला ऐकल्याशिवाय किल्ली मिळत नसे. काही शहाणी गिऱ्हाइकं बाहेरूनच मला खुणेने विचारत, मामा आहे का? नसला तरच आत येत.

दुकान एवढंसं, की दोन माणसं एकदम आली तर तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. काम आम्ही वाटून घेतलं होतं. किल्लीवरून किल्ली काढायची ती मी, मशीनवर. किल्ली हरवली आणि नुसतं कुलूप उरलं, की ते काम मामाचं. तो कोरी किल्ली घेई, म्हणजे जिला अजून दात पाडलेले नाहीत अशी. ती कुलपात घालून हलकासा पीळ देई आणि बाहेर काढून भिंगाखाली धरी. आत जिथे अडलं असेल तिथे किल्लीवर बारीकसा चकचकीत डाग उमटलेला असे. तेवढ्याच जागी कानस फिरवायची, केसभर. पुन्हा घालायची, पुन्हा पीळ, पुन्हा भिंग. जिथे डाग उमटायचा थांबला तिथे पुढे हात लावायचा नाही. असं करत करत आपल्याला कशी किल्ली हवी ते कुलूपच सांगे. "अडेल तिथं घासायचं," मामा म्हणे, "कुलपाशी वाद घालायचा नाही." घाई झाली आणि कानस जास्त फिरली तर किल्ली फुकट. ती डब्यात टाकायची आणि नवी घ्यायची.

देवाच्या बाबतीतही त्याची हीच रीत. मेंढपाळ, खडक, राजा, कुंभार, बाप ही बायबलातली सगळी नावं त्याच्या मते माणसांनी घासलेल्या किल्ल्या होत्या. कुणीतरी अडचणीत सापडलेल्या माणसाने हाताशी होतं ते उचललं आणि लावून पाहिलं, बस. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, एकदाच सरळ सांग देव काय आहे ते. अमक्यासारखा आणि तमक्यासारखा पुरे झालं." त्याने खिळ्यावरची एक कोरी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "ही घे, सरळ. हिला दात नाहीत. या जातीच्या कुठल्याही कुलपात जाईल, आणि उघडणार मात्र एकही नाही." मला राग याचा आला, की उत्तर बरं होतं.

"आणि बाप?" मी विचारलं. माझा बाप मी लहान असताना आम्हाला टाकून गेला. आई गेल्यावर मी मामाकडेच वाढले. प्रार्थनेत तो शब्द आला की मी नुसते ओठ हलवत असे, आणि हे मामाने पाहिलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "ती तुला नाही लागायची," तो म्हणाला. "कितीजणांना लागते, तुला नाही. जबरदस्ती केलीस तर कुलूप बिघडेल. तू आपली त्याला मामा म्हण." मी हसले. मग बरेच दिवस मनातल्या मनात खरंच तसं म्हणत होते. मामाने हे मोठ्या कौतुकाने आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

पाळकसाहेबांना त्याने कमी छळलं नव्हतं. चर्चमध्ये मुलांचा रविवारचा वर्ग मामा घेई आणि तिथे त्याला रान मोकळं होतं. देव म्हणजे गच्चीवरची टाकी, दिसत नाही पण नळ सोडला की येतो, असं त्याने सांगितलं की एखादी चिमुरडी विचारी, "टाकी रिकामी झाली तर?" मामाचा चेहरा खुले. "अडलं बघ. आता इथं घासू." मग टाकीची विहीर होई, विहिरीचा झरा होई, झरा आटला तर काय असं आणखी कुणी विचारी, आणि तास संपेपर्यंत देव कुठल्या कुठे जाऊन पोहोचलेला असे. पोरं घरी जाऊन आईबापांना भंडावून सोडत, आणि आईबाप पाळकसाहेबांना. शेवटी एकदा ते खास त्यासाठी दुकानात आले. "मामा, दाखले द्यायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण कुलपाला दुखत नाही, माणसाला दुखतं. माणसावर कानस चालवताना जरा जपून." मामा म्हणाला, "अगदी बरोबर बोललात," आणि त्यांना कानशीवरूनच एक दाखला दिला.

घरी वेगळीच तऱ्हा. अख्ख्या बाजाराची कुलुपं याच्या हाताखालून गेली, आणि आमच्या घरात एक कुलूप धड नव्हतं. न्हाणीघराची कडी लागत नसे, म्हणून आत गेलेल्या माणसाने गाणं म्हणायचं. कपाट उघडायला गुडघा मारायचा. ताईच्या खोलीचं दार खांद्याने वर उचलून धरल्याशिवाय किल्ली फिरतच नसे. ताई शाळेत असल्यापासून त्यासाठी भांडत होती. मामी बोलून बोलून दमली. मामाचं उत्तर ठरलेलं, "उद्या बघतो."

ताई ही मामाची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. बापाच्या दाखल्यातली खोट काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. देव खडक आहे म्हटलं की ती विचारी, "मग त्याला ऐकू कसं येतं?" की मामा दिवसभर खूश. लग्न होऊन ती समुद्राकाठच्या शहरात गेली, नवरा जहाजावर कामाला, तरी फोनवर बापलेकीचं हेच चाले. दिवस गेले तेव्हा भाऊजींची फेरी लांबली होती, म्हणून शेवटी शेवटी ती आमच्याकडे येऊन राहिली. मामाने स्वतःच्या हाताने पाळणा जोडला. आणि दवाखान्यात बाळ जन्माला आलं ते रडलंच नाही. मुलगी होती.

ताई घरी आली त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती. लोक येत होते, आणि प्रत्येकजण काहीतरी सांगण्यासारखं घेऊन येत होता. कुणी म्हणालं, देवाला त्याच्या बागेत कळी हवी होती. कुणी म्हणालं, कुंभार मडकं मोडतो तेव्हा त्याच्या मनात दुसरं घडवायचं असतं. ताई खुर्चीत शाल पांघरून बसली होती. मला एकेकाला दंडाला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. कळ्या खुडत फिरतो तो कसला माळी, असं मी मनात म्हणत होते. ताई मनात काय म्हणत होती ते देव जाणे.

तेवढ्यात मामा पुढे झाला. मला वाटलं, आता हा सगळ्यांना गप्प करणार. तो म्हणाला, "नाही, कळी नाही. कळी चालायची नाही. असं बघ बाळा, काही किल्ल्या कारागीर गिऱ्हाइकाला देतच नाही, आपल्याच जुडग्यात ठेवतो." ताईने डोळे मिटून घेतले. मामाने वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, भिंगाखालची किल्ली बघावी तसं, आणि म्हणाला, "इथं अडलं का? बरं, मग असं बघ." त्याने दुसरा दाखला दिला. तिने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्याने तिसरा काढला. मामीने मागून त्याचा शर्ट ओढला, मी "मामा, पुरे" म्हटलं, पण तो थांबेना. जिथे जिथे तिला लागत होतं, नेमक्या तिथे तिथे तो घासत होता. त्याला वाटत होतं, आता एवढ्यात उघडेल.

ताई उठली आणि आपल्या खोलीत गेली. खांद्याने दार उचलल्याचा आवाज आला आणि किल्ली फिरली.

त्यानंतर ते दार फक्त मामापुरतं बंद झालं. तो दुकानात असला की उघडं असे. मामी जेवण घेऊन आत जाई, मी जाऊन ताईच्या पायाशी बसे, ती माझ्याशी थोडंफार बोले. संध्याकाळी जिन्यात मामाची पावलं वाजली की ती उठे आणि कुलूप लावी. मामा बाहेरच्या खोलीत चपला काढता काढता ते ऐके. मामी त्याच्यावर उखडे, "अहो, दुनियेची दारं उघडत फिरता, आणि घरातलं एक उघडेना?" शेजारीही म्हणाले, तुम्हाला काय मामा, मिनिटाचं काम. तो कुणालाच उत्तर देत नसे.

दुकानातही तो गप्प. ज्या बडबडीला मी वर्षानुवर्षं कावले होते ती बंद झाली, आणि मला तिथे बसवेना. गिऱ्हाइकं येत, किल्ली घेत, क्षणभर थांबत, आणि दाखला मिळत नाही असं बघून निघून जात. कोऱ्या किल्ल्या तो नुसत्या हातात घेऊन फिरवत बसे. रविवारचा वर्ग पाळकसाहेबांनी घेतला. ते मामाला काही बोलले नाहीत, त्यांना बोलता आलं असतं तरी.

भाऊजी पोहोचले. ताईला घेऊन आपल्या घरी जायचं ठरलं. ती मला म्हणाली, "सोमवारी निघू. बाबा दुकानात गेल्यावर." मी ते जसंच्या तसं मामाला सांगितलं. मला दोघांचीही चीड आली होती. ती अशी गेली की फोन बंद होणार, येणंजाणं बंद होणार, आणि मग हे दार कायमचं असंच राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मामाला तर ते माझ्याआधी दिसलं असणार. तो फक्त "बरं" म्हणाला.

रविवारी तो चर्चला आला नाही. आम्ही परत आलो तेव्हा तो ताईच्या दारासमोर स्टुलावर बसलेला होता, पायाशी अवजारांची पिशवी. भाऊजी चपला न काढताच कसल्याशा कामाचं निमित्त करून बाहेर पडले. मी मामाच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मामा, उघडू नकोस. तू उघडलंस तर सगळं संपलं." त्याने मान हलवली. ती हो होती की नाही ते मला कळलं नाही, म्हणून मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने आतून ताईचा आवाज आला. "बाबा, तू आहेस ना बाहेर?"

"हो."

"दाखला द्यायला आलायस?"

"नाही."

"मग कशाला बसलायस?"

"असाच."

"पिशवी वाजली मगाशी. अवजारं घेऊन बसलायस."

"सवयीनं आणली गेली."

"मग उघडत का नाहीस? मिनिटाचं काम आहे तुझं."

मामा म्हणाला, "कुलूप तू लावलंयस. तू लावलेलं मी नाही उघडणार."

मामीने स्वयंपाकघरातला नळ बंद केला. मला वाटलं, बरं बोलला, आता ती उघडेल. पण ताई त्याचीच मुलगी होती. ती बोलली तेव्हा आवाज दाराच्या अगदी जवळून आला. "म्हणजे तुझा देवही असाच बसला होता का? सगळी अवजारं जवळ घेऊन? मी लावलं म्हणून तू उघडत नाहीस, ठीक आहे. माझ्या लेकीनं काय लावलं होतं, बाबा? तिनं कुठलं दार लावलं होतं?"

मामाने तोंड उघडलं. तो चेहरा मी ओळखून होते. पुढची किल्ली शोधताना तो असाच दिसे. मी त्याच्या तोंडावर हातच ठेवणार होते. पण त्याने तोंड मिटलं, गुडघ्यावरचे दोन्ही हात उलटे करून बघितले आणि म्हणाला, "इथं अडतं."

"मग घास ना. तूच सांगतोस सगळ्यांना."

"घासायला काही उरलं नाही, बाळा. जेवढ्या होत्या तेवढ्या लावून झाल्या. त्या दिवशी तुझ्यावरच लावल्या."

आतून दाराला पाठ टेकल्याचा आवाज आला.

"मला ठाऊक नाही त्यानं असं का केलं," मामा म्हणाला. "मला त्याचा राग येतो. रोज येतो. दुकानात जाताना येतो, येताना येतो. मधे काम असतं म्हणून जरा कमी."

"मग चर्चमध्ये सांग की हे."

"कसं सांगणार? याला दाखला सापडेना."

आतून एक आवाज आला. हसण्याचा होता की रडण्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही. मग किल्ली वाजली. मग खांद्याने दार उचलल्याचा आवाज झाला. मग पुन्हा किल्ली, आणि पुन्हा दार.

"बाबा."

"काय?"

"फिरत नाहीये."

"खांदा लाव."

"लावलाय. अर्धी फिरून अडकलीये."

स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाली, "उद्या बघतो, उद्या बघतो," आणि हाताच्या पाठीने डोळे पुसले.

ताई आतून किल्लीशी झटत राहिली. मामा स्टुलावरून उठला नाही, नुसता पुढे वाकून बसला. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तू उघड."

मिनिटाचं काम. मामाने पिशवी उघडली, एक अवजार काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. पेचकस एकदा खाली पडला, उचलला, पुन्हा पडला. मी घ्यायला गेले तर त्याने मला कोपराने बाजूला केलं. मग तो दाराशी तोंड नेऊन हळू आवाजात सांगायला लागला, "आता किल्ली थोडी उलटी घे. एवढी नाही. थांब. आता धरून ठेव," आणि ती आतून म्हणत होती, "धरलीये." दाराच्या दोन बाजूंनी दोघं एकच कुलूप सोडवत होती, आणि शेजारच्यांना मिनिटाचं वाटणारं ते काम काही केल्या संपत नव्हतं.

कुलूप सुटलं. दार आत गेलं. ताई समोर उभी होती, केस विस्कटलेले, हातात वाकडी झालेली किल्ली. मामा दाराबाहेरच थांबला. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि मला वाटलं, आला आता दाखला.

"येऊ का?" त्याने विचारलं.

ती बाजूला झाली. मामा आत गेला आणि पलंगाच्या कडेवर बसला. संध्याकाळ होईपर्यंत त्या खोलीतून एकही दाखला ऐकू आला नाही.

सोमवारी ती दुपारी गेली, कारण सकाळी मामाने दुकान उघडलंच नाही. तिची बॅग त्याने स्वतः खाली नेली. मुलांचा वर्ग त्याने पुन्हा सुरू केला आहे. देव अजूनही कधी टाकी असतो, कधी तेल, आणि पोरं अजूनही अडवतात. कधी तो घासतो. कधी मात्र "इथं अडतं" एवढंच म्हणून नुसता बसून राहतो. मग पोरं वैतागतात, आणि मला आतून फार बरं वाटतं. ताईच्या खोलीचं कुलूप त्याने काढलं ते काढलंच. दाराला मुठीएवढं भोक आहे. मामी रोज बोलते, आणि तो म्हणतो, उद्या बघतो.

ताई दर रविवारी फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला. "बाबा, सापडली का किल्ली?"

"नाही," मामा म्हणतो. "तुला?"

"नाही," ती म्हणते, आणि मग दोघं चहा थंडगार होईपर्यंत बोलत राहतात.